खिशातला कॅमेरा

जर्मनीतील बर्लिन शहराच्या दक्षिणेस लिनो नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे १ नोव्हेंबर १८७९ रोजी ऑस्कर बार्नाकचा जन्म झाला. पुढे त्याचे कुटुंब बर्लिनजवळच्या लिख्टरफेल्ड येथे राहावयास आले. ऑस्करला चित्रकलेचा मोठा नाद होता. वनश्रीची आणि डोंगरदऱ्यांची चित्रे रंगवावीत व त्यातच आयुष्य घालवावे, असे त्याला वाटे. परंतु चित्रांवर पोट भरत नाही, हे त्याच्या वडिलांचे मत पक्के होते. त्यांनी मुलाला एका यंत्रकारागिराच्या हाताखाली उमेदवारीस ठेवले. मुलाने कुंचला ठेवला आणि कानस हाती घेतली.

उमेदवारी संपल्यावर तो गावोगावच्या यंत्रशाळांतून काम करीत हिंडला. १९०२ साली येना येथील झाइस यांच्या प्रसिद्ध कारखान्यात त्याला नोकरी मिळाली. या कारखान्यात भिंगे व सूक्ष्मदर्शक यंत्रे बनत असत. येनाच्या आसपास थुरिंगियाचे घनदाट अरण्य पसरलेले आहे. सुटीचा दिवस उजाडला की बार्नाक कॅमेरा घेऊन त्या अरण्यात भटकावयास जाई. कुंचल्याने जे साधले नाही, ते तो आता भिंगाने साधू पाहत होता.

पण त्या काळचा कॅमेरा म्हणजे एक ओझेच होते. लाकडी पेटी, तिला जोडलेला चामड्याचा भाता, खाली उभी करावयाची तिपाई आणि प्रत्येक चित्रासाठी एक स्वतंत्र काच! बार्नाकच्या काचा १३ सेंटिमीटर रुंद व १८ सेंटिमीटर लांब असत. डझनभर काचा बरोबर घेतल्या तरी पाठीवरची पिशवी जड होई. त्यातच बार्नाकला दम्याचा विकार होता. चढण लागली की त्याचा श्वास कोंडे, आणि ठरवलेल्या जागी पोचेपर्यंत चित्र टिपण्याची हौसच मावळून जाई. धडधाकट माणसाला हे ओझे कधी अवघड वाटले नसते. बार्नाकला मात्र त्यातून वाट काढणे भागच होते.

कॅमेरा लहान का नसावा, असा प्रश्न त्याला पडला. याचे उत्तर सोपे नव्हते. त्या काळी काचेवरचे चित्र बहुधा जसेच्या तसे कागदावर उतरवीत. मोठे चित्र हवे, तर काचही मोठी हवी. काच मोठी झाली, की पेटीही मोठी होणारच. बार्नाकने उलट विचार केला. मूळ चित्र अगदी लहान घ्यावे आणि मागाहून ते मोठे करावे. १९०५ साली त्याने एकाच काचेवर अनेक चिमुकली चित्रे टिपून पाहिली. पण ती मोठी करताच काचेवरच्या रसायनाचे कण वाळूसारखे दिसू लागले व चित्रातील बारकावे नाहीसे झाले. प्रयोग फसला. बार्नाकने तो बाजूला ठेवला, पण मनातून काढून टाकला नाही.

येनाच्या कारखान्यात एमिल मेखाऊ नावाचा त्याचा एक मित्र होता. तो पुढे वेट्झलार या गावी एर्न्स्ट लाइट्झ यांच्या कारखान्यात गेला आणि त्याच्या शिफारशीवरून बार्नाकलाही तेथे बोलावणे आले. जानेवारी १९११ मध्ये बार्नाक तेथील प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. हाही कारखाना सूक्ष्मदर्शक यंत्रांसाठीच नावाजलेला होता. मेखाऊ चलच्चित्रे पडद्यावर दाखविण्याच्या यंत्रावर काम करीत होता आणि बार्नाकनेही चलच्चित्रांसाठी धातूचा एक कॅमेरा स्वतः घडविला. अशा रीतीने सिनेमाची फिल्म रोज त्याच्या हाताखालून जाऊ लागली आणि त्याची जुनी कल्पना पुन्हा जागी झाली.

ही फिल्म ३५ मिलिमीटर रुंद असे. तिच्यावरचे एकेक चित्र १८ मिलिमीटर बाय २४ मिलिमीटर, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढे. सिनेमात फिल्म वरून खाली सरकते. बार्नाकने ती आडवी चालविली. त्यामुळे दोन चित्रांच्या जागेत एक चित्र बसले व त्याचे माप २४ बाय ३६ मिलिमीटर झाले. १९१३-१४ च्या सुमारास त्याने या मापाचा एक धातूचा कॅमेरा तयार केला. तो कोटाच्या खिशात सहज मावे. फिल्म पुढे सरकविण्यासाठी बोटाने चकती फिरवावी, की आतला कापडी पडदाही त्याच वेळी ताणला जाई. त्यामुळे एका चित्रावर दुसरे चित्र उमटण्याची भीती उरली नाही. यंत्रशाळेत हाताला लागलेली शिस्त या एवढ्याशा डबीत उतरली होती.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. सैन्याला सज्ज होण्याचा हुकूम वेट्झलारच्या रस्त्यात चिकटविण्यात आला, तेव्हा बार्नाकने ते दृश्य या कॅमेऱ्याने टिपले. १९२० साली गावात पूर आला, त्याचीही चित्रे त्याने घेतली. तिपाई उभी करून आणि काच बसवून होईपर्यंत असे क्षण थांबत नाहीत!

युद्धानंतर जर्मनीची दैना झाली. १९२३ साली पावाची किंमत अब्जावधी मार्कांवर गेली. त्याच सुमारास बार्नाकच्या कॅमेऱ्याचे सुमारे पंचवीस नमुने तयार करून छायाचित्रकारांच्या हाती देण्यात आले. मते काही उत्साहवर्धक आली नाहीत. फिल्म सरकविताना प्रत्येक वेळी भिंगावर झाकण घालावे लागे, ही गोष्ट अनेकांना खटकली. बार्नाकने पडद्याची रचना सुधारून तो दोष काढला. मॅक्स बेरेक या शास्त्रज्ञाने भिंग असे बनविले, की त्या चिमुकल्या चित्रातून भिंतीवर लावण्याजोगे मोठे चित्र निघू लागले. तरीही जून १९२४ मध्ये कारखान्यात विचारविनिमय झाला, तेव्हा पुष्कळांचे मत विरुद्ध पडले. सूक्ष्मदर्शक यंत्रे करणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या नादी का लागावे, असे त्यांचे म्हणणे. निर्णय दुसरे एर्न्स्ट लाइट्झ यांच्या हाती होता. कामगारांच्या हातांना काम हवे, ही चिंताही त्यांच्या मनात होती. सर्वांचे ऐकून घेऊन त्यांनी हा धोका पत्करला.

१९२५ च्या वसंतऋतूत लाइपझिगच्या जत्रेत हा कॅमेरा विक्रीस आला. लाइट्झ आणि कॅमेरा या दोन शब्दांतून त्याचे ‘लायका’ हे नाव तयार झाले. त्याचे वजन अर्ध्या किलोहूनही कमी होते. काही धंदेवाईक छायाचित्रकारांनी त्याला खेळणे म्हणून हिणविले. पण प्रवासी, गिर्यारोहक आणि वार्ताहर यांनी तो उचलला. फ्रान्सच्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ या तरुणाने १९३२ साली लायका घेतला आणि लोकांच्या नजरेत भरू नये म्हणून त्याचा चकचकीत भाग काळ्या पट्टीने झाकून टाकला. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींची भेट घेणारा आणि त्यानंतर त्यांच्या अंत्ययात्रेची चित्रे टिपणारा छायाचित्रकार तो हाच.

बार्नाकला हे पाहावयास मिळाले नाही. अखेरपर्यंत तो आपल्या कॅमेऱ्यात सुधारणा करीत राहिला. १९३२ साली अंतर मोजण्याचे साधन कॅमेऱ्यातच बसविण्यात आले, तेही त्याच्या हयातीत. १६ जानेवारी १९३६ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

त्याच्या पद्धतीच्या जुन्या लायकांना हौशी मंडळी आजही ‘बार्नाक’ म्हणूनच ओळखतात. त्यांत फिल्म खालून भरावी लागते आणि भरण्यापूर्वी तिचे टोक कात्रीने लांबट कापावे लागते. दृश्य पाहण्याची खिडकी जेमतेम डोळ्याएवढी. विजेची बॅटरी नाही आणि प्रकाशाचा अंदाज स्वतःच बांधावयाचा. झटपट चित्रे हवी असणाऱ्यांनी त्याच्या वाटेस जाऊ नये हेच बरे. पण चकती फिरविताना बोटांना जाणवणारी ती मऊ गती आणि पडदा सरकताना होणारा हलकासा आवाज यांवर जीव टाकणारी माणसे जगभर आहेत. कुशल कारागीर हे कॅमेरे उघडतात, जुना कापडी पडदा बदलतात आणि यंत्र पुन्हा चालू लागते.

१९२३ च्या त्या नमुन्यांपैकी १०५ क्रमांकाचा कॅमेरा बार्नाक स्वतः वापरीत असे. जून २०२२ मध्ये वेट्झलार येथे त्याचा लिलाव झाला, तेव्हा त्याला १ कोटी ४४ लाख युरो एवढी किंमत आली. त्याच्या दृश्यदर्शकावर ‘ऑस्कर बार्नाक’ ही अक्षरे कोरलेली आहेत.