तंजावरचे सरफोजी राजे

मायदेशापासून दूर राहून मराठी कशी टिकवावी, हा प्रश्न आमच्यापैकी प्रत्येक घराला केव्हा ना केव्हा पडला आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्याचा विचार करू लागलो की आम्हांला तंजावर आठवते. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास कावेरीकाठी भोसल्यांचे राज्य स्थापिले. सभोवती तमिळ प्रजा, दरबारात तेलुगू व संस्कृत कवींचा मान, आणि राजघराण्याची बोली मराठी. याच घराण्यातील दुसरे सरफोजी राजे यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. तुळजाराजांनी १७८७ साली त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी राजांनी देह ठेविला. दहा वर्षांच्या त्या पोरक्या मुलाचे दत्तविधान अशास्त्र ठरविण्यात आले आणि गादी तुळजाराजांचे बंधू अमरसिंग यांच्याकडे गेली. बाळ सरफोजींना जवळजवळ कैदेत दिवस कंठावे लागले. श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याने त्यांचे पालकत्व स्वीकारले व पुढे त्यांना मद्रासेस नेऊन शिक्षणाची व्यवस्था केली. अखेर १७९८ साली सरफोजी गादीवर बसले. परंतु १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, वार्षिक तनखा आणि वसुलाचा पाचवा हिस्सा.

राज्य गेलेल्या राजाने ऐषआरामात आयुष्य घालविले असते, तर इतिहासाला त्यात नवल वाटले नसते. सरफोजींनी विद्या व कला हेच आपले राज्य मानिले. नायक राजांच्या काळापासून चालत आलेला सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह त्यांनी कितीतरी पटींनी वाढविला, देवनागरी छापखाना काढिला, शाळा चालविल्या. १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला.

परंतु आमच्या मनात अधिक भरते ते त्यांचे नाट्य व नृत्याविषयीचे कार्य. तमिळ देशी कुरवंजी नावाचा नृत्यनाट्याचा एक लोकप्रिय प्रकार आहे. त्यात विरहिणी नायिकेकडे हात पाहून भविष्य सांगणारी कोरवीण येते, आपल्या डोंगरांचे व हिंडलेल्या मुलखांचे वर्णन करिते, आणि प्रियकराची वार्ता सांगून नायिकेस धीर देते. सरफोजींच्या नावे असलेल्या ‘देवेंद्र कोरवंजी’ या मराठी नाटकात हीच कोरवीण इंद्राणीपुढे येते. मात्र ती वर्णन करिते ते अवघ्या पृथ्वीचे. खंडे, देश यांची माहिती ती गाण्यांतून देते. युरोपीय ग्रंथांतून मिळालेले भूगोलाचे नवे ज्ञान, तमिळ नाट्याचा साचा आणि भाषा मराठी, असा हा त्रिवेणी संगम होय.

नृत्यासाठी त्यांनी मराठीत निरूपणे रचिली. एखादे कथानक घेऊन शब्द, वर्ण, पद, तिल्लाना अशा क्रमाने ते नर्तनातून उलगडत न्यावयाचे, अशी त्यांची मांडणी. त्यांच्याच दरबाराच्या आश्रयाने चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु हे चार बंधू उदयास आले. आज भरतनाट्यम् ज्या क्रमाने सादर होते, त्याची घडण याच बंधूंच्या नावावर आहे. राजांना पाश्चात्त्य संगीताचाही नाद होता. त्यांनी जमविलेली युरोपीय स्वरलिपीची पुस्तके सरस्वती महालात जतन केलेली आहेत. प्रजेनेही या रसिकतेची परतफेड केली. सरफोजींना नायक कल्पून ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ हे तमिळ नृत्यनाट्य रचिले गेले आणि ते बृहदीश्वराच्या मंदिरात होत असे.

१८२० नंतर राजांनी काशीची यात्रा केली व तेथूनही पोथ्या आणिल्या. १८३२ साली ते निवर्तले. पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये निपुत्रिक वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. दरबार मोडला, तशी मराठी निरूपणे बहुतांशी पोथ्यांतच राहिली. नृत्य मात्र जगले, कारण ते शिकविणारी व शिकणारी घरे राजवाड्याबाहेर होती.

या चरित्रापासून आम्ही दोन गोष्टी शिकतो. शेजाऱ्याची कला आपलीशी केल्याने आपली भाषा उणी होत नाही. सरफोजींच्या हाती तर ती अधिक संपन्न झाली. दुसरी गोष्ट कठोर आहे. ग्रंथालय भाषेला सांभाळते, पण जगवीत नाही. तंजावरातील मराठी घराण्यांतून आपली वेगळ्या वळणाची मराठी पुढे चालत आली, ती घरात बोलली गेली म्हणून. आमच्या मंडळाच्या कपाटात पन्नास वर्षांची पुस्तके आहेत. त्यांपैकी एखादे आज घरी न्यावे आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे, इतकीच विनंती.