रील्समधली ‘गायब’ होण्याची ट्रिक कुणाची? जॉर्ज मेलिएस यांची गोष्ट

चुटकी वाजवली आणि कपडे बदलले, अशी रील तुम्ही पाहिलीच असेल. ही ट्रिक सव्वाशे वर्षं जुनी आहे. मला ती कळली फ्रेंचच्या क्लासमध्ये.

ऑफिसच्या एका प्रोजेक्टसाठी मी दर रविवारी सेलूहून नागपूरला क्लासला जायचो. एकदा मॅडमनी १९०२ चा मूकपट लावला, ‘चंद्रावरची सफर’. संवादच नाहीत, मग सबटायटल वाचून पळवाट काढता येईना. समोर दिसेल ते आपल्याच तोंडाने फ्रेंचमध्ये सांगायचं. ‘ला ल्यून’ म्हणजे चंद्र, हा शब्द मी आता जन्मात विसरणार नाही. घरी येताना त्या दिग्दर्शकाबद्दल वाचत बसलो.

जादूगार ते दिग्दर्शक

मेलिएस यांचा जन्म ८ डिसेंबर १८६१ चा, पॅरिसचा. वडिलांचा बुटांचा कारखाना होता. यांना मात्र जादूचं वेड. १८८८ मध्ये त्यांनी जादूच्या खेळांचं एक थिएटरच विकत घेतलं. २८ डिसेंबर १८९५ ला त्यांनी ल्युमिएर बंधूंचा सिनेमा पाहिला. (तोच सिनेमा ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोचला.) ल्युमिएरांनी मशीन विकायला नकार दिला. मग यांनी लंडनहून प्रोजेक्टर आणला आणि त्यावरून स्वतःचा कॅमेरा बनवून घेतला.

ट्रिक कशी चालते?

त्यांनीच सांगितलेला किस्सा असा: ऑपेरा चौकात शूटिंग करताना कॅमेरा अडकला. मिनिटभराने पुन्हा सुरू केला. फिल्म पडद्यावर पाहतात तर काय, बसची एकदम शववाहिका झालेली! म्हणजे कॅमेरा जागेवरच ठेवायचा, रेकॉर्डिंग थांबवायचं, वस्तू बदलायची, पुन्हा सुरू करायचं. तुमच्या फोनमधलं पॉज बटण हेच काम करतं.

१८९७ मध्ये मोंत्रईला त्यांनी काचेचा स्टुडिओ बांधला आणि एकूण ५०० हून जास्त फिल्म बनवल्या. अमेरिकेत त्यांच्या कॉप्या बिनधास्त चोरून विकल्या गेल्या. म्हणून ते सेटवरच आपल्या कंपनीचा तारा लावू लागले. आजच्या भाषेत, वॉटरमार्क!

बॅकअप नसेल तर?

पुढे धंदा बुडाला. पहिल्या महायुद्धात सैन्याने त्यांच्या शेकडो फिल्म वितळवल्या आणि त्यातून बुटांच्या टाचा बनल्या. १९२३ मध्ये थिएटर पाडलं गेलं आणि हताश होऊन त्यांनी उरलेल्या निगेटिव्ह स्वतःच जाळल्या. त्यानंतर कित्येक वर्षं हा माणूस मोंपार्नास स्टेशनवर खेळणी विकत होता. १९२९ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचा मोठा सत्कार झाला, १९३१ मध्ये सरकारी सन्मानही मिळाला. २१ जानेवारी १९३८ ला ते गेले.

आज त्यांच्या सुमारे २०० फिल्म उरल्यात, कारण कॉप्या दुसरीकडे होत्या. ‘चंद्रावरची सफर’ची हाताने रंगवलेली प्रिंट तर १९९३ मध्ये बार्सिलोनात सापडली. एकेक फ्रेम दुरुस्त होऊन ती २०११ मध्ये पुन्हा पडद्यावर आली.

आमच्या बाबांचा फोन पाण्यात पडला तेव्हा आजीचे सगळे व्हिडिओ गेले. तिचा आवाज असलेली दुसरी कॉपी कुणाकडेच नव्हती. मी इंजिनिअर असून बॅकअप घेतला नव्हता.

तर मित्रांनो, आज ट्रिक करून बघाच. पण त्याआधी घरच्यांचे व्हिडिओ अजून एका जागी कॉपी करून ठेवा.