रामनामाचे गायक : गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर

भोर आणि वेल्हे परिसरातील मंदिरांत पहाटेची काकडआरती, सायंकाळचा हरिपाठ आणि सप्ताहातील कीर्तन यांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. भोरच्या राजवाड्यात पंतसचिव घराण्याचा रामनवमी उत्सवही प्रसिद्ध आहे. आपण गातो ती भूपाळी वा अभंग कोणत्या रागाच्या आधाराने उभा आहे, याची जाणीव पुष्कळदा गाणाऱ्याला नसते. रागसंगीत ही दरबारातील बड्या लोकांची वस्तू आणि भजन हे देवळातील साध्या माणसांचे, असा भेद एके काळी सर्वत्र रूढ होता. तो भेद पुसण्यासाठी ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे चरित्र म्हणूनच प्रत्येक भाविकाने जाणून घ्यावे असे आहे.

पंडितजींचा जन्म श्रावण पौर्णिमेस, म्हणजे नारळी पौर्णिमेच्या दिवशी, १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. भोरप्रमाणेच कुरुंदवाड हेही त्या काळी एक मराठी संस्थान होते. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावच्या वास्तव्यामुळे पलुसकर हे नाव पडले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार असल्याने टाळ, मृदंग आणि हरिकथा यांचे संस्कार बाळपणीच घडले. कुरुंदवाडपासून जवळच श्रीक्षेत्र नृसिंहवाडी आहे. दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूचा स्फोट होऊन या बालकाच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. दृष्टी अधू झाली आणि शालेय शिक्षणाची वाट बंद झाली. उपचारासाठी मुलाला मिरजेस आणण्यात आले. डोळे पूर्ववत झाले नाहीत. परंतु त्याचा गोड गळा जाणत्यांच्या ध्यानात आला आणि मिरज संस्थानच्या अधिपतींच्या आश्रयाने तो गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिकू लागला. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, तेच हे बाळकृष्णबुवा. त्यांच्याकडील विद्या म्हणजे कठोर तपश्चर्याच होती. गुरुगृही पडेल ते काम करावे, तासन्‌तास तंबोऱ्यावर स्वर लावावा आणि गुरू देतील तेवढेच घ्यावे, असा तो शिरस्ता होता.

मिरजेतील मुक्कामाच्या अखेरीस एक प्रसंग घडला असे सांगतात. एका समारंभाचे निमंत्रण विष्णु दिगंबरांना आले. त्यांच्या गुरूंना मात्र आले नाही. चौकशी केली असता, ते केवळ गवई आहेत, अशा आशयाचे उत्तर मिळाले. स्वतःला राजाश्रितांच्या पंगतीत मान मिळतो आणि ज्यांनी विद्या दिली त्यांना तो मिळत नाही, ही गोष्ट शिष्याच्या अंतःकरणास फार लागली. मानाची जागा सोडून १८९६ मध्ये ते मिरजेबाहेर पडले. पुढील सर्व कार्याचे बीज या निर्णयात आहे. राजाश्रय सोडणे ही त्या काळी गवयाच्या दृष्टीने सामान्य गोष्ट नव्हती, कारण राजाश्रयाखेरीज पोट भरण्याचा दुसरा मार्गच जवळपास उपलब्ध नव्हता.

तो मार्ग त्यांनी स्वतः तयार केला. बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर असा प्रवास करीत ते उत्तरेकडे गेले. गिरनार पर्वतावर एका साधुपुरुषाने त्यांना उत्तरेस जाण्याचा संकेत दिला, अशीही आख्यायिका आहे. याच प्रवासात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. निमंत्रितांपुरते असलेले गाणे त्यामुळे कोणाही रसिकास ऐकता येऊ लागले. आज यात नवल वाटणार नाही. त्या काळी तो धाडसी प्रयोग होता.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. एखाद्या संस्थानिकाच्या आधारावर न चालता लोकांच्या देणग्यांवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालणारी ही संगीतशाळा होती. आरंभीचे काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही आणि पंडितजी एकटेच तंबोरा घेऊन बसत, असे सांगितले जाते. हळूहळू विद्यार्थी येऊ लागले. ठरावीक अभ्यासक्रम, परीक्षा आणि छापील पुस्तके या गोष्टी गायनाच्या शिक्षणात त्यांनी आणल्या. स्वर लिहिण्याची स्वतःची पद्धती त्यांनी निर्माण केली. तीत स्वराखाली खुणा देऊन त्याची मात्रा दाखविली जाते. पंडित भातखंडे यांची पद्धती याहून निराळी असून दोन्ही पद्धती आजही अभ्यासिल्या जातात. शृंगारिक शब्दांच्या कित्येक चिजांच्या जागी त्यांनी भक्तिपर शब्द योजले. याबद्दल काही जाणकारांनी नाराजी व्यक्त केली, आणि ती सर्वस्वी अनाठायी होती असे म्हणता येत नाही. परंतु घरंदाज कुटुंबांतील मुलामुलींच्या हाती तंबोरा यावा, यासाठी त्या काळात दुसरा उपाय त्यांना दिसला नसावा.

१९०८ मध्ये मुंबईत विद्यालय सुरू झाले. पुढे सँडहर्स्ट रोडवर त्याची स्वतःची इमारत उभी राहिली. निवडक शिष्यांना ते घरीच ठेवून घेत आणि त्यांच्या भोजनाचा व शिक्षणाचा भार स्वतः सोशीत. इमारतीसाठी काढलेले कर्ज मात्र फिटेना. पंडितजी गावोगावी मैफली करून पैसा उभा करीत होते, तरीही अखेर १९२४ च्या सुमारास ती वास्तू लिलावात गेली. घरातील दुःख याहूनही मोठे होते. त्यांना झालेल्या बारा अपत्यांपैकी अकरा दगावली. १९२१ साली जन्मलेला दत्तात्रेय हा एकच पुत्र वाचला.

ज्याने सर्वस्व पणाला लावले आणि ते गमावले, अशा पुरुषाची वृत्ती कडवट झाली असती तर नवल नव्हते. पंडितजी रामनामाकडे वळले. भगवी वस्त्रे धारण करून त्यांनी नाशिक येथे श्रीरामनाम आधार आश्रम स्थापिला. तुलसीरामायणावरील त्यांची सुस्वर प्रवचने ऐकण्यासाठी लोकांची दाटी होई. कीर्तनकाराचा पुत्र पुन्हा कथेच्या व्यासपीठावर येऊन उभा राहिला होता. मैफलीच्या अखेरीस भजन गाण्याचा त्यांचा प्रघात होता. आता भजन हेच मुख्य झाले. घराघरांत म्हटल्या जाणाऱ्या ‘रघुपती राघव’ या रामधुनीची प्रचलित चाल त्यांचीच मानली जाते. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे हे साबरमती आश्रमात गांधीजींच्या प्रार्थनेचे गायक होते आणि १९३० च्या दांडी यात्रेतही ते सहभागी होते.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी, जेथे विद्या मिळाली त्याच मिरजेत पंडितजींचे देहावसान झाले. त्या वेळी पुत्र दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. पित्याच्या शिष्यांकडून, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडून विद्या घेऊन तोही थोर गायक झाला. तुलसीदासांची रामपदे द. वि. पलुसकरांच्या गळ्यातून ऐकणे हा आजही अपूर्व आनंद आहे. दुर्दैवाने १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते निवर्तले. ओंकारनाथ ठाकूर आणि बा. र. देवधर हेही पंडितजींचेच शिष्य. १९३२ मध्ये विनायकरावांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. शिष्यांनी उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना आजही देशभरातील विद्यार्थी बसतात, आणि त्यांतून तयार झालेले कित्येक गायक व वादक गावोगावच्या मंदिरांत सप्ताहाच्या भजनाला पेटी, तबल्याची साथ करताना दिसतात.