शहराचे नत्र शेताला परत : डॉ. गिल्बर्ट फाउलर यांचे बंगळुरूतील कार्य

शेतातून शहरात येणाऱ्या अन्नाबरोबर जमिनीतील नत्रही येते आणि सांडपाण्यातून वाहून जाते. हे नत्र जमिनीला परत कसे द्यावे, या प्रश्नाचा पाठपुरावा करणारे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. गिल्बर्ट जॉन फाउलर.

१८६८ मध्ये जन्मलेले फाउलर मँचेस्टर येथे सांडपाणी शुद्धीकरणाचे काम पाहत असत. १९१२ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स येथील केंद्रात सांडपाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग त्यांच्या पाहण्यात आले. त्यांच्या सूचनेवरून एडवर्ड आर्डन आणि विल्यम लॉकेट यांनी मँचेस्टरमध्ये प्रयोग केले व १९१४ मध्ये सक्रिय गाळ पद्धत जगासमोर आली. या पद्धतीत हवेवर वाढणारे जिवाणू पाण्यातील घाण नष्ट करतात आणि तळाशी नत्रयुक्त गाळ उरतो.

१९१६ मध्ये फाउलर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून रुजू झाले. गाळाचे खतमूल्य हा तेथे त्यांच्या अभ्यासाचा विषय ठरला. काडीकचरा, शेण आणि सांडपाणी यांचा लहान ढीग आधी कुजवून त्यात नवा कचरा मिसळत जाण्याची सक्रिय कंपोस्ट पद्धत त्यांनी विकसित केली. पुढे इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची पद्धत सिद्ध केली. त्यांच्या १९३१ च्या ग्रंथात फाउलर यांच्या कार्याची दखल घेण्यात आली आहे. नत्राच्या जपणुकीवरील फाउलर यांचा स्वतःचा ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच संस्थेत १९३९ मध्ये सी. एन. आचार्य यांनी चरांमध्ये कचरा व मैला थरांनी भरून, वर मातीचा लेप देऊन खत करण्याची बंगळुरू पद्धत विकसित केली. अनेक नगरपालिकांनी ती स्वीकारली. मात्र मैला वाहून नेण्याचे काम वंचित जातींतील सफाई कामगारांवरच लादलेले होते. या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ मध्ये कायदे करण्यात आले.

फाउलर यांचे १९५३ मध्ये निधन झाले. त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र संपलेला नाही. २०१८ पासून बंगळुरूचे प्रक्रिया केलेले सांडपाणी दुष्काळी कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडण्यात येत आहे. त्याच्या शुद्धतेवरून वादही झाले आहेत. कारखान्यांतील जड धातू सांडपाण्यात मिसळल्यास पाणी आणि गाळ दोन्ही शेतीला अपायकारक ठरतात. मातीला परत द्यायचे ते निर्मळ असावे, ही जबाबदारी शहराचीच आहे.