हिंदुस्थानीचा गोरा पंतोजी

आपल्या इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी माणसाला हिंदी केव्हा शिकलास असे विचारले, तर त्याला उत्तर देता येणार नाही. घरात मराठी आणि ओट्याची पायरी उतरली की हिंदी, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. अक्षरे तीच, निम्मे शब्द ओळखीचे, कानाला सवय जन्मापासूनची. इतके असूनही आपण ‘पुस्तक अच्छा है’ म्हणून जातो आणि समोरचा गालातल्या गालात हसतो. कारण आपले नपुंसकलिंगी पुस्तक तिकडे बाईमाणूस झालेले असते. मग ज्याच्या भाषेत निर्जीव वस्तूंना लिंगच नाही, ज्याच्या कानाला त आणि ट यांतला फरक कळत नाही, ज्याच्या हाती ना धड कोश ना व्याकरण, अशा माणसाने ही भाषा कशी शिकली असेल? हा प्रश्न मनात आला की मला डॉक्टर जॉन बॉर्थविक गिलख्रिस्ट यांची आठवण होते. इंग्रजांना हिंदुस्थानी शिकवण्यात त्यांनी उभा जन्म घालवला. आज त्यांचे नाव हिंदी आणि उर्दू वाङ्मयाच्या इतिहासात एकदोन ओळींपुरते येते. माणूस मात्र त्याहून पुष्कळच मोठा आणि पुष्कळच विक्षिप्त होता.

गिलख्रिस्ट यांचा जन्म १७५९ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झाला. वडिलांचे छत्र नसलेल्या मुलांसाठी तेथे जॉर्ज हेरियट या धनिकाच्या देणगीतून चाललेली शाळा होती. तीत त्यांचे शिक्षण झाले. पुढे ते वैद्यकीची उमेदवारी करीत वेस्ट इंडीज बेटांवर गेले आणि तेथे निळीच्या लागवडीची माहिती करून घेतली. १७८२ साली नशीब काढायला ते मुंबईस उतरले आणि कंपनीच्या फौजेत त्यांना शस्त्रवैद्याच्या हाताखालचे काम मिळाले.

तो काळ आपल्या इतिहासाच्याही ओळखीचा आहे. त्याच साली ग्वाल्हेरजवळच्या सालबाई गावी मराठ्यांचा आणि इंग्रजांचा तह झाला. युद्ध संपल्यावर पश्चिमेस आलेली कंपनीची बंगाली पलटण परत निघाली, तिच्याबरोबर गिलख्रिस्ट सुरतेहून गंगाकाठच्या फत्तेगडला गेले. शेकडो मैलांच्या या वाटचालीत मुलूख बदलला, राजे बदलले, पागोटी बदलली. पण एक बोली मात्र सर्वत्र चालत होती. शिपाई, बनिया, सराईवाला, सगळ्यांना ती कळत होती. कंपनीचे गोरे लोक तिला ‘मूर्स’ म्हणत आणि शिपायांना हुकूम सोडण्यापुरती तिची मोडतोड करून वापरीत. जॉर्ज हॅडली नावाच्या लष्करी अंमलदाराने १७७२ साली तिचे एक छोटे व्याकरण छापले होते, पण तेही याच कामापुरते. दरबार फारसीत चाले, पंडित संस्कृतात बोलत. जी भाषा खरोखर लोकांच्या तोंडी होती, तिच्याकडे भाषा म्हणून पाहायला साहेबांना सवड नव्हती. गिलख्रिस्ट यांना ती सापडली, आणि डॉक्टरकी तेथेच सुटली.

१७८५ साली त्यांनी भाषेच्या अभ्यासासाठी एक वर्षाची रजा मागितली. ती मिळाल्यावर ते पुन्हा वैद्यकीकडे कधीच वळले नाहीत. फैजाबादेस जाऊन त्यांनी दाढी वाढवली, देशी पोशाख चढवला आणि मुनशी गाठले. प्रथम त्यांनी सरळ मनाने कोश आणि व्याकरण मागितले. लोकांना नवल वाटले. आईच्या दुधाबरोबर आलेल्या बोलीसाठी पोथी कशाला लागते, हे त्यांना उमजेना. फारसीचे कोश होते, संस्कृतचे होते. रोजच्या बोलीचा कोश करण्याचे कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

मग साहेबांनी उलटी वाट धरली. डॉक्टर जॉन्सनचा प्रसिद्ध इंग्रजी कोश पुढ्यात ठेवून ते एकेका शब्दाचा अर्थ मुनशींना समजावून सांगत आणि याला तुम्ही काय म्हणता, असे विचारीत. तेही पुरेना, तेव्हा अ, अब, अबब अशी अक्षरांची जुळणी करून यातून कोणकोणते शब्द निघतात ते वदवून घेऊ लागले. मुनशींना तो वेडाचार वाटला असला तर नवल नाही. पण भाषा ग्रंथात नसेल तर माणसांच्या तोंडून गोळा करावी लागते, हे मर्म त्यांनी बरोबर ओळखले होते. आपल्याकडे पुढे मोल्सवर्थसाहेबांचा मराठी कोशही पंडितांना हाताशी धरून आणि ठिकठिकाणचे शब्द गोळा करूनच झाला, हे येथे आठवावे.

मधल्या काळात गाझीपुरास निळीचा उद्योग करून पाहिला, तो अंगाशी आला. कोश मात्र भागाभागांनी निघत १७९० साली पुरा झाला. १७९६ मध्ये व्याकरण आले आणि १७९८ मध्ये नवशिक्यांसाठी सोपे पुस्तक.

या पुस्तकांतली त्यांची लिपीची युक्ती मोठी गमतीची आहे. नवख्या इंग्रजाला आधी नागरी किंवा फारसी अक्षरे घोटायला लावली तर तो बोलायला लागणार केव्हा? म्हणून त्यांनी हिंदुस्थानी शब्द रोमन अक्षरांत लिहिले, आणि तेही इंग्रजाच्या कानाला धरून. आपल्या ऱ्हस्व अ साठी त्यांनी ‘ए’ हे अक्षर न घेता ‘यू’ घेतले, कारण ‘बट’, ‘कट’ या शब्दांत इंग्रज ते तसेच उच्चारतो. दीर्घ ई साठी दोन ‘ई’ आणि ऊ साठी दोन ‘ओ’. सर विल्यम जोन्स यांची पद्धत विद्वानांना अधिक शास्त्रीय वाटे. गिलख्रिस्ट यांना विद्वानांची पर्वा नव्हती. कालच जहाजातून उतरलेल्या पोराची होती. शिकवणारा माणूस कोणाच्या बाजूने विचार करतो यावर सारे अवलंबून असते, असे मला वाटते. येथे गिलख्रिस्ट यांच्यातला पंतोजी दिसतो.

१७९९ साली कलकत्त्यास त्यांच्या देखरेखीखाली एक मदरसा सुरू झाला. १८०१ पासून भाषा आणि कायदे यांची परीक्षा दिल्याखेरीज महत्त्वाच्या जागा मिळायच्या नाहीत, असे गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी आधीच जाहीर केले होते. १८०० साली त्यांनी फोर्ट विल्यम कॉलेज काढले आणि हिंदुस्थानीचे पहिले प्राध्यापक म्हणून गिलख्रिस्ट यांची नेमणूक झाली. पगार दरमहा दीड हजार रुपये. त्यांच्या हाताखालच्या साध्या मुनशीला मिळत चाळीस. एवढ्या अंतरावर बसून त्या मुनशींनी जे लिहिले, ते मात्र कॉलेजाहून जास्त टिकले. दिल्लीच्या मीर अम्मन यांनी चार दरवेशांची कथा ‘बाग-ओ-बहार’ या नावाने सांगितली. आग्र्याचे गुजराती ब्राह्मण लल्लूलाल यांनी भागवताच्या दशमस्कंधावरून ‘प्रेमसागर’ रचला. बिहारचे सदल मिश्र यांनी नासिकेताचे आख्यान लिहिले. विद्यार्थ्यांना वाचायला सोपे गद्य हवे होते, ते तयार नव्हते, म्हणून हे सारे घडले. गोऱ्या पोरांच्या क्रमिक पुस्तकांतून एका देशाचे गद्य उभे राहावे, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा! त्याच कॉलेजात १८०४ पासून विल्यम केरी मराठी शिकवू लागले, वैजनाथशास्त्री त्यांचे साहाय्यक झाले, आणि पुढे ‘सिंहासनबत्तिशी’, ‘हितोपदेश’ अशी पहिलीवहिली छापील मराठी पुस्तके निघाली. तेव्हा त्या वास्तूचे थोडे देणे आपल्यालाही आहे.

पण स्तुतीबरोबर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. गिलख्रिस्ट यांच्या संभाषणाच्या पुस्तकांतून हिंडताना एक गोष्ट सारखी जाणवते. तेथे बोलणारा बहुधा साहेब आणि ऐकणारा बहुधा नोकर. आण, ने, ठेव, घोडा तयार कर, अशी आज्ञार्थी क्रियापदे पानोपानी. सुखदुःख विचारायचे तर शब्द थोडे. हिंदीत तू, तुम आणि आप अशा तीन पायऱ्या आहेत. नवशिक्याची खरी परीक्षा उच्चारात नसते, कोणती पायरी कोणासाठी हे ओळखण्यात असते. हुकमापुरती भाषा शिकणाऱ्याला ही परीक्षा कधी द्यावीच लागत नाही. लोकांच्या बोलीला पहिल्याने मान देणारा हा माणूस तीच बोली राज्यकर्त्यांच्या हाती चाबकासारखी देत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी खोडली जात नाही.

दुसरा आरोप हिंदी-उर्दूच्या फाळणीचा. गिलख्रिस्ट यांना स्वतःला अतिफारसी दरबारी शैली नको होती आणि खेडवळही नको होती. मधली, सर्वांना कळणारी हवी होती. पण त्यांच्याच विभागात मीर अम्मन यांचे पुस्तक फारसी लिपीच्या वळणाने गेले, तर लल्लूलालांनी यवनी शब्द टाळून नागरीत लिहिले. एका बोलीची दोन छापील रूपे शेजारी-शेजारी उभी राहिली. पुढच्या शंभर वर्षांतले भांडण एकट्या पंतोजीच्या माथी मारणे मला न्यायाचे वाटत नाही. त्यात पुष्कळांचे हात होते. तरी छापखान्यात एकदा पडलेली रेघ बाजारातल्या बोलण्याने पुसता येत नाही, एवढे खरे.

१८०४ साली प्रकृतीच्या कारणाने ते मायदेशी परतले. एडिंबरोच्या विद्यापीठाने त्यांना एलएल. डी. ही पदवी दिली. तेथे त्यांनी पेढी काढली, घरात परदेशी पक्षी पाळले आणि जहाल राजकारणात पडून भांडणे ओढवून घेतली. स्वभाव तापट, जीभ तिखट. शेवटी गाव सोडून ते लंडनला गेले आणि १८१८ पासून लेस्टर स्क्वेअर येथे कंपनीच्या आश्रयाने पुन्हा हिंदुस्थानीचे वर्ग घेऊ लागले. विद्यार्थ्यांना आपलीच महागडी पुस्तके घ्यायला लावतात, अशी कुरकुर तेव्हाही झाली. कारागिरांच्या शिक्षणासाठी १८२३ साली लंडनला निघालेल्या संस्थेच्या आणि पुढे लंडन विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा हात होता.

९ जानेवारी १८४१ रोजी पॅरिस येथे त्यांचा अंत झाला. मागे ठेवलेल्या मृत्युपत्रात त्यांनी आपली संपत्ती जगाच्या कोणत्याही भागातील विद्याप्रसारासाठी दिली होती. तीत ऑस्ट्रेलियातील सिडनीजवळची एक विस्तीर्ण जमीन होती. ती त्यांना १८०१ साली अवघ्या पाच शिलिंगांत मिळाली होती आणि त्यांनी ती कधी डोळ्यांनीही पाहिली नव्हती. वारसांनी दावा लावला, तो १८५८ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि दान कायम राहिले. त्या पैशांतून हिंदी विद्यार्थ्यांना विलायतेत शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. १८८२ साली अशी एक शिष्यवृत्ती प्रफुल्लचंद्र राय नावाच्या बंगाली तरुणाने जिंकली. रसायनशास्त्र शिकायला तो गेला तेही एडिंबरोलाच.

चाळीस रुपयांच्या मुनशींकडून साहेबांनी जे शिकून घेतले, त्याची ही फेड म्हणावी काय? हिशेब पुरता जुळत नाही, हे मी जाणतो. पण ऋण थोडे तरी आले, ते विद्येच्याच रूपाने आले, आणि ज्या मुलखाची बोली गोळा केली त्या मुलखाच्या मुलांच्या हाती आले. भाषा शिकवणाऱ्या माणसाच्या खात्यावर एवढी जमा पुष्कळ झाली.