बास्केटबॉलचे जनक

बास्केटबॉल हा खेळ आज जगभर खेळला जातो. हा खेळ शोधून काढणारे गृहस्थ म्हणजे डॉ. जेम्स नेस्मिथ.

जेम्स यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील आल्माँट गावाजवळ झाला. १८७० साली विषमज्वराने त्यांचे आईवडील दगावले. पोरक्या जेम्सला मामाने वाढवले. पुढे जेम्सने शाळा सोडली आणि जंगलात लाकूडतोडीचे काम धरले. पण शिक्षणाची ओढ त्याला स्वस्थ बसू देईना. काही वर्षांनी तो पुन्हा शाळेत दाखल झाला. नंतर माँट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठात त्यांनी पदवी मिळवली. फुटबॉल, रग्बी, लॅक्रॉस, कसरती अशा अनेक खेळांत ते तरबेज होते.

पुढे ते अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे एका प्रशिक्षण संस्थेत शिक्षक झाले. १८९१ चा हिवाळा होता. बाहेर बर्फामुळे मैदानी खेळ बंद. रोज त्याच त्या कवायतींना विद्यार्थी कंटाळले होते. चौदा दिवसांत बंद जागेत खेळता येईल असा नवा खेळ शोधावा, असे संस्थेचे एक प्रमुख डॉ. ग्युलिक यांनी नेस्मिथ यांना सांगितले.

नेस्मिथ विचार करू लागले. चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवताना झटापट होते. मग चेंडू घेऊन पळायचेच नाही, असा नियम केला तर? लहानपणी ते खडकावर ठेवलेला दगड नेम धरून पाडण्याचा खेळ खेळत. त्यात जोरापेक्षा अलगद फेकलेला दगड बरोबर लागे. हे त्यांना आठवले. त्यांनी दहा फूट उंचीवर सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. तेरा नियम लिहिले. अठरा विद्यार्थ्यांचे दोन संघ केले. पहिल्या सामन्यात एकच गोल झाला, पण खेळ सर्वांना आवडला.

१८९८ साली नेस्मिथ डॉक्टर झाले. त्याच वर्षी ते कॅन्सस विद्यापीठात गेले आणि १९०७ पर्यंत तेथील संघाचे मार्गदर्शक होते. त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. ज्याने खेळ शोधला, त्याच्या वाट्याला विजयांपेक्षा पराभव जास्त आले! पण खेळाने शरीर सुदृढ व्हावे आणि स्वभावाला वळण लागावे, हेच ते महत्त्वाचे मानत.

१९३३ साली जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी तेथे शिकायला आला. त्याच्या वर्णामुळे त्याला विद्यापीठाच्या संघात खेळता येत नव्हते. नेस्मिथ यांनी मात्र त्याला जवळ केले आणि मार्गदर्शन दिले. ही विद्या वाया गेली नाही. पुढे मॅक्लेंडन स्वतः नामवंत मार्गदर्शक झाले. १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे त्यांच्या महाविद्यालयीन संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले.

१९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा समावेश झाला. तो सोहळा नेस्मिथ यांनी डोळे भरून पाहिला. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले.

सामन्यांचा हिशेब मांडला तर नेस्मिथ हरलेले दिसतात. पण त्यांचा खेळ आणि त्यांनी घडवलेला शिष्य पाहिला, म्हणजे त्यांचे खरे यश कळते.