सह्यांचे गठ्ठे घेऊन लढलेला जॉन रॉस

एक अर्ज फेटाळला गेला की आपण वैतागतो ना? मग जॉन रॉसला भेटाच. १८२८ पासून मरेपर्यंत, बहुतेक सगळा काळ, तो अमेरिकेतल्या चेरोकी राष्ट्राचा प्रमुख होता. या राष्ट्राची स्वतःची राज्यघटना होती, न्यायालय होतं, वृत्तपत्रही. १८३५ मध्ये मूठभर चेरोकींनी परस्पर करार करून सगळ्यांची जमीन देऊन टाकली. रॉसने विरोधात हजारो सह्या वॉशिंग्टनला धाडल्या. तरी सिनेटने करार मंजूर केला. एक मत जरी कमी पडलं असतं, तर तो फेटाळला गेला असता! १८३८ मध्ये सैन्याने लोकांना घरांतून हुसकावलं. सुमारे ४,००० माणसं दगावली. रॉसची बायको क्वाटीही वाटेतच गेली. त्याची पत्रं मात्र थांबली नाहीत. १८६६ मध्ये तो वारला तोही वॉशिंग्टनमध्येच, राष्ट्राच्या कामावर असताना. जमीन गेली, पण बघा, ओक्लाहोमातल्या ताहलेक्वात चेरोकी सरकार आजही चालतंय.